जावयासाठी घेतलेली जीन्स

लेकीच्या लग्नानंतरचा पहिला दिवाळसण. जावयाला कपडे सासऱ्याने घ्यायचे, ही आमच्या वाडीतली रीत. जावई मुंबईला नोकरीला, कायम जीन्स घालणारे. म्हणून मी एस्टी पकडून महाडला उतरलो. आदल्या दिवशी लेकीचा फोन आला होता, "बाबा, जीन्स जरा सैल बघा हां, त्यांचा पाय..." मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, "मला बाजार करायला शिकवतेस काय गो?" आणि फोन ठेवला.

दुकानदाराने विचारलं, "फिट कोणता देऊ, काका? स्किनी, स्लिम, रेग्युलर?" मला त्यातलं काहीच कळलं नाही. पण बाजूला गिऱ्हाइकं उभी होती, कळत नाही म्हणायला तोंड उघडेना. मी म्हटलं, "कंबर चौतीस. बाहेर पुतळ्याला घातलीय तीच दे."

"ती स्किनी हाय, अंगाला चिकटून बसते. पाव्हणे अंगाने कसे हायत?"

"तू बांध," मी म्हटलं.

पाडव्याला औक्षणासाठी पाट मांडला. शेजारपाजारचे जमले होते. जावई नवी जीन्स घालून आले, बसायला वाकले आणि तसेच अर्धे वाकून थांबले. माझी बायको ताट घेऊन उभी. मला वाटलं, यांना पाट नको, खुर्ची पाहिजे. सगळ्यांच्या देखत बोललो, "काय पाव्हणं, मुंबईत मांडी घालायला बंदी हाय वाटतं?" माणसं हसली. जावईही हसले. मग दात आवळून, एक पाय लांब सोडून कसेबसे बसले. उठताना लेकीच्या खांद्यावर सगळा भार टाकला.

नंतर आतल्या खोलीत लेकीने सांगितलं. पावसाळ्यात ते मोटारसायकलवरून पडले होते. मांडीचं हाड मोडून आत सळई घातलेली. आम्हाला घोर नको म्हणून कळवलं नव्हतं.

"मग आधी सांगायचं नाय?" मी उलट तिच्यावरच डाफरलो.

"सांगत होते, बाबा."

जावई पलीकडच्याच खोलीत होते. उठून चार पावलं जायचं, चुकलं म्हणायचं. मी गेलो नाही. त्यानंतर ते दिवाळीला आलेच नाहीत. दरवेळी ड्युटीचं कारण.

यंदा पुन्हा त्याच दुकानात गेलो. सगळे प्रकार मांडायला लावले आणि हात लावून पाहिले. स्किनी घोट्यापर्यंत आवळते. स्लिम तिच्याहून थोडी मोकळी, तरी खाली निमुळतीच. रेग्युलर सरळ उतरते. रिलॅक्स्ड मांडीला, बुडाला सैल, तिच्यात माणूस सुखाने मांडी घालून बसेल. आणि कंबर सगळ्यांची चौतीसच. तेवढा एक आकडा सांगून मी ऐटीत दुकानाबाहेर पडलो होतो.

तिथूनच जावयाला फोन लावला. लग्न झाल्यापासून मी स्वतःहून केलेला पहिलाच. "पाव्हणं, जीन्स घेतोय. मांडीला किती सैल बघू?"

ते म्हणाले, "मामा, सळई गेल्या वर्षी काढली. आता कुठलीपण चालते."

मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तरी कुणाला विचारलं होतं? "बरं झालं," एवढंच म्हणालो. चुकलं म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी "ठेवतो, मामा" म्हणून फोन ठेवला.

रिलॅक्स्डच घेतली. दिवाळीला लेक एकटी आली, तिच्या पिशवीत ती जीन्स मी माझ्या हाताने घातली.