हे पान उपयोगी पडलं का?

सूनबाईला घरबसल्या नोकरी लागावी म्हणून मी सोळा सोमवारांचा नवस बोलले होते. नोकरी लागली, सोमवार पुरे झाले, उद्यापनही झालं. तेव्हापासून आमच्या शिरूरच्या घरात किश्श्यांना तोटा नाही. देव्हाऱ्यातल्या निर्माल्यासारखे रोज साठतात. टाकवत नाहीत आणि ठेवून तरी काय करायचं!

रोहिणीचं, म्हणजे सूनबाईचं काम असं. हल्ली संगणकात एआय एजंट असतात, सांगितलेली कामं आपली आपण करणारे. त्यांनी काम नीट केलं का, हे तपासणारं एक टूल आहे. ते टूल कसं वापरायचं, याची माहितीची पानं आहेत. ती पानं माणसाला कळतात का, हे रोहिणीने सांगायचं.

आमचे हे एसटी डेपोतून रिटायर झालेले. ऐकून म्हणाले, "म्हंजी गाडी तपासणारा चेकर, त्या चेकरचं पुस्तक, आन् ते पुस्तक तपासणारी आमची सून. पण गाडी कुठं हाय?"

*

पहिल्याच पानावर लिहिलेलं, "सुरुवात करणं अगदी सोपं आहे." ती कुठून करायची, ते नव्हतंच! रोहिणीने कंपनीला विचारलं. वाट पाहून पाहून उत्तर आलं, "कृपया माहितीची पानं पाहावीत."

पोरगी त्या दुपारी जेवलीच नाही. मी म्हटलं, "अगं, एकादशीचा उपास माझा आहे, तुझा नाही!"

*

दौंडची शबाना तिच्याच टीममधली. अधूनमधून एसटीने येते, मग दोघी मिळून काम करतात. एकदा तिने एजंटच्या कामाची म्हणून रिकामीच फाइल टूलला दिली. टूलने हिरवी खूण केली, "एकही चूक नाही!" रिकामी फाइल दिली तर काय होतं, याबद्दल पानांत अवाक्षर नाही.

"काकू," शबाना म्हणाली, "उपाशी माणसाला अपचन न्हाई म्हणून सर्टिफिकेट दिलं बघा!"

खूप हसलो. मग रोहिणी हळूच म्हणाली, "हे टूल दवाखान्यातल्या एजंटवर लावणार आहेत."



*

पुढे त्यांचे सर म्हणाले, एखाद्या साध्या गृहिणीला मराठी पानं वाचायला द्या. घरात मीच!

अंघोळ करून, दिवा लावून, मोबाइल घेऊन पाटावर बसले. पोथी मधेच सोडायची नसते, म्हणून पहिल्या ओळीपासून "सर्व हक्क राखीव"पर्यंत मोठ्याने वाचलं. हे बाहेरून ओरडले, "प्रसाद कवा हाय?"

कळलं काहीच नाही. पण पोथी तरी पहिल्या खेपेला कुठे कळते! प्रत्येक पानाखाली प्रश्न होता, "हे पान उपयोगी पडलं का?" बिचाऱ्याने एवढं लिहिलंय, त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? हळदीकुंकवाला गेल्यावर कॉफी अगोड लागली तरी आपण "छान झालीय" म्हणतोच की. मी सगळीकडे "हो" दाबलं.

*

रोहिणीने रिपोर्ट दिला, ही पानं वापरण्याजोगी नाहीत. त्यावर सरांचा फोन. स्पीकर चालू होता.

"एका युजरने एका बैठकीत सगळं वाचून प्रत्येक पानाला 'हो' दिलंय. तूच एकटी उलटं लिहितेस. रिपोर्ट बदल, नाहीतर तुझं कंत्राट इथंच थांबवू."

मी हातातली वात ठेवून रोहिणीजवळ गेले.

रोहिणी म्हणाली, "सर, त्या माझ्या सासूबाई आहेत. त्यांना काहीही कळलेलं नाही. भिडेपोटी 'हो' म्हणाल्या."

"सासूबाई?" सर खूश! "मग प्रश्नच मिटला. सासू कधी उगाच 'हो' म्हणेल का!"

रोहिणीने रिपोर्ट बदलला नाही. कंत्राट थांबलं.

त्या संध्याकाळी मी देवापुढे नवं व्रत घेतलं. जे कळलं नाही, त्याला यापुढे "हो" म्हणणार नाही. सकाळी दिवा लावून तीच पानं उघडली, हात जोडले आणि पहिल्या पानाखाली "नाही" दाबलं.

उत्तर आलं, "धन्यवाद! तुमचं मत याआधीच नोंदवलेलं आहे."

या व्रताला उपास नाही, सोवळं नाही, उद्यापनही नाही. तुमच्या मोबाइलवर असा प्रश्न आला आणि पान कळलं नसलं, तर माझ्यासाठी एवढं करा. "नाही" दाबा.