उद्यासाहेब आणि घरभर टीव्ही

संध्याकाळी सायकलवरून उतरायचं, घंटी वाजवायची आणि अख्ख्या बराकीला ऐकू जाईल असं ओरडायचं, "मी आज आलेलो नाही! मी उद्या येणार आहे!" एवढं सांगून, न आलेला हा माणूस निघून जायचा. उल्हासनगरच्या त्या एका छपराखालच्या खोल्यांच्या बराकीत आम्ही त्यांना उद्यासाहेब म्हणायचो.

ते बदलापूरच्या सरकारी अपंगगृहात कारकून होते. तिथं माणसाला फुकट सांभाळत, पण घरच्यांची ऐपत निघाली तर आजवरचा खर्च त्यांच्याकडून वसूल होऊ शके, आणि पुढचा भरता आला नाही तर माणसाला घरी न्यावं लागे. तशी नोटीस घरोघर पोचवायची आणि मग घर बघून अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. न कळवता जाणं त्यांना पटत नसे. "पाहुणासुद्धा सांगून येतो. मी तर संकट आहे," ते म्हणत.

अंबरनाथच्या एका कारखान्यात यंत्रात सापडलेले माझे भाऊकाका त्याच गृहात खाटेवर होते. नोटीस आमच्याकडेही आली. आमची एक खोली, त्यात दिवसा कुणीच नाही. खर्च भरणं शक्य नव्हतं, आणि काकांना घरी आणलं तर पाणी द्यायलाही माणूस नव्हतं. मी तेव्हा कॉलेजात, कामगार चळवळीतल्या माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, पत्रकांवर वाढलेली. मी तडक पत्रक काढलं: 'यंत्रानं माणूस मोडला, मालकानं सोडला, आता सरकार भावाकडून खाटेचं भाडं मागणार?' ते उद्यासाहेबांच्या हातात कोंबलं. त्यांनी शांतपणे वाचलं.

"ठणकावून लिहिलंयस. आणखी एक दे, आमच्या साहेबांच्या दारावर चिकटवतो."

शत्रू असा वागला की चळवळीची फार पंचाईत होते.

कुणाच्या घरी येणार, हे मात्र ते कधी सांगत नसत. अब्रूचा प्रश्न! घोळ तिथंच झाला. ते सरकारी आहेत, एवढंच बराकीला ठाऊक होतं. माझं पत्रक तिथं कुणीच वाचलं नव्हतं. त्या काळी टीव्हीला लायसन्स लागे आणि ते कुणीच काढलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी साहेब ओरडून गेले, तशी ते लायसन्स तपासायला येणार या भीतीनं सगळ्यांना एकच युक्ती सुचली: टीव्ही अण्णांकडे ठेवा, त्या प्रामाणिक माणसाचं घर कोण तपासतंय! अण्णा रातपाळीला गेलेले. आईला कुणाला नाही म्हणता येत नसे. आमची पाळी एवढ्यात येणार नाही, असं आम्हा दोघींना वाटलं.

सकाळी अण्णा कामावरून आले, तर त्यांना बसायला जागा नव्हती. खाटेवर टीव्ही, पाटावर टीव्ही, लाकडी शटरच्या एका टीव्हीवर आमच्या लोणच्याची बरणी. अण्णांच्या मागोमाग उद्यासाहेब आत आले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"अर्जात तर तुम्ही गरीब आहात."

"यातला एकही माझा नाही," अण्णा म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात हो. ज्याचा असेल त्यानं माझ्यासमोर सांगावं. नाहीतर मला सगळे तुमच्या नावावर लिहावे लागतील."

दारात जमलेली बराक आपापल्या चपलांकडे बघू लागली. मी ओरडले, "तुमच्या टीव्हींपायी काकांना घरी आणावं लागेल! त्यांना पाणी कोण देणार?"

समोरच्या मेंघीबाई, पापड विकणाऱ्या, ओढणी सावरत पुढं आल्या. "वो शटरवाला मेरा है. लिखो. पकड़ना है तो पकड़ो. और पहले अचार हटाओ, पॉलिश खराब होगा!"

मग एकेक हात वर झाला.

"मी लायसन्सवाला नाही," साहेब म्हणाले. त्यांनी अहवाल लिहिला आणि मोठ्यानं वाचून दाखवला, "स्वतःचा टीव्ही: नाही. शेजारी: भरपूर."

काका तिथंच राहिले.

पुढं निवृत्तीनंतर अर्धांगवायू होऊन साहेबच त्या गृहात आले, काकांच्या शेजारच्या खाटेवर. एका रविवारी मी आणि मेंघीबाई भेटायला गेलो. जड जिभेनं ते म्हणाले, "माझ्या पोराकडे... उद्या येणार आहेत." नवा कारकून कळवून जात नसे, साहेबांनी ती बातमी तिथल्या आचाऱ्याकडून काढली होती.

मुलगा बदलापूरजवळ खरवईला राहायचा. त्याचा कारखाना बंद पडलेला, चांगल्या दिवसांतला फ्रिज तेवढा उरलेला. दुसऱ्या दिवशी कारकून आला तेव्हा आम्ही दोघी तिथं हजर होतो, आणि मेंघीबाई त्याच फ्रिजला पाठ लावून बसल्या होत्या.

"ये मेरा है. लिखो."

"तुम्ही कोण?"

"पड़ोसी."

"राहता कुठं?"

"उल्हासनगर."

कारकुनानं माझ्याकडे बघितलं. पत्रकात मी आजवर एक अक्षर खोटं छापलेलं नाही.

"हो," मी म्हटलं, "शेजारीच आहोत आम्ही."

त्यानं लिहून घेतलं.