लाल गाडीचे दोन मालक

इतकी वर्षं लोटली, तरी त्या लाल अमेरिकन गाडीची केस मी आजही जशीच्या तशी सांगू शकतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी मूळचा राजापूरचा, बहरीनच्या पोलिसात फौजदार होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि एका खबऱ्याचा फोन आला. जुफैरच्या नौदल तळावरच्या अमेरिकन खलाशाची चोरीला गेलेली गाडी नईममधल्या एका गल्लीत उभी होती.

चोरीची फिर्याद आमच्याच ठाण्यात होती. दोन शिपाई घेऊन गेलो. गाडी पुसत उभा असलेला माणूस रत्नागिरीकडचा निघाला. मीना सलमान बंदरात तो क्रेन चालवायचा. पंधरा दिवसांपूर्वीच त्याने गाडी घेतली होती. कागदावरचा चासी नंबर आणि पुढच्या काचेखालच्या पट्टीवरचा नंबर तंतोतंत जुळत होते. पण गाडी ठाण्यात आणल्यावर खलाशाने येताच मागची सीट उचलली आणि स्वतः जोडलेली स्पीकरची वायर दाखवली. गाडी आपलीच, असं त्याने ठामपणे सांगितलं.

गुन्हा शाबीत झाला असता, तर क्रेनवाल्याचा व्हिसा रद्द झाला असता. मुलखातला माणूस म्हणून मी त्याला सांभाळून घेतोय असं कोणी म्हणू नये, म्हणून मी त्याच्याशी जास्तच कडक वागलो. दुपारभर उलटसुलट प्रश्न विचारले. त्याचा जबाब एका शब्दाने बदलला नाही.

मग गाडी विकणाऱ्या व्यापाऱ्याला बोलावलं. माणूस गोडबोल्या. मी चहा मागवला आणि फक्त गाडीविषयी विचारत राहिलो. तो खुलला. अमेरिकेत साठच्या दशकात मध्यम आकाराच्या गाडीत आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन बसवायला लागले, तरुण पोरं वेडी झाली, मग तिकडे पेट्रोल महागलं आणि नव्या गाड्यांतला जोर गेला, म्हणून माणसं ही जुनी मॉडेलं शोधत फिरतात, असं त्याने रंगवून सांगितलं. बहरीनमध्ये पेट्रोलची चिंता नव्हतीच. शेवटी म्हणाला, हिला कधी ओरखडासुद्धा गेलेला नाही, रंग कंपनीचाच आहे.

तेवढं वाक्य मी जबाबात लिहून त्याखाली त्याची सही घेतली.

दुसऱ्या दिवशी मीना सलमानमधल्या वर्कशॉपमधून चिपळूणच्या एका डेंटिंग मिस्त्रींना बोलावलं. वयस्कर माणूस, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढून पत्र्यावरून फिरवलं. दाराखाली ते चिकटेना. तिथे पत्र्याऐवजी पुटी, म्हणजे खड्डे बुजवायचा लेप, भरली होती.

"साहेब, अशी गाडी घेताना आधी चुंबक फिरवायचं, मग गालिचा उचलायचा," ते म्हणाले. "खाऱ्या हवेनं तळ खाल्लाय का बघायचं. भर उन्हात तासभर चालवून पाणी उकळतं का बघायचं. इंजिनाचा आवाज सगळ्यात शेवटी. तो आधी ऐकला की माणूस खलास."

त्यांनी गालिचा उचलला. या दारापासून त्या दारापर्यंत वेल्डिंगची सरळ रेघ होती.

"या दोन गाड्या आहेत," चाचा शांतपणे म्हणाले.

पुढचा भाग अपघातात मागून चेपलेल्या गाडीचा होता. नंबर, इंजिन आणि कागद तिचेच, म्हणून सगळं जुळत होतं. मागचा भाग खलाशाच्या गाडीचा. व्यापाऱ्याला त्या रेघेजवळ उभं केलं आणि त्याचंच वाक्य वाचून दाखवलं. त्याने पाणी मागितलं. तासाभरात त्याने आपलं गोदाम दाखवलं. ताडपत्रीखाली खलाशाच्या गाडीचा पुढचा भाग होता, इंजिनासकट. व्यापाऱ्याला शिक्षा झाली, दोघांनाही भरपाई मिळाली. खलाशाने गाडीच्या दोन्ही भागांसोबत आमच्या आवारात हसत फोटो काढून घेतला.

या केसने मला एक गोष्ट शिकवली. पक्षपाताच्या भीतीने जास्त कडक वागणं हासुद्धा पक्षपातच. गोदाम सापडलं त्याच संध्याकाळी क्रेनवाल्याला सोडताना मी तसं कबूल केलं आणि माफी मागितली.

तो हसला. "जाऊ द्या साहेब. गाडी काय होती! तुम्ही एकदा चालवून बघायला हवी होती."

मी गंभीर चेहऱ्याने मान हलवली. आदल्या दिवशी तपासणीच्या नावाखाली मी तिच्यातून आवारात तीन चकरा मारल्या होत्या, हे त्याला सांगितलं नाही.