खालच्या तीन ओळी

"बोलवायला आलायस, की माफ करून घ्यायला?"

"माझा निरोप समारंभ आहे, ताई. घरचं कुणीतरी नको का?"

"मग छाप की उद्या. पहिल्या पानावर, आठ कॉलम. 'सख्खी बहीण हजर.'"

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मामा निमंत्रणाचं कार्ड हातात धरून उभाच होता. मी बस म्हटलं, तरी बसला नाही.

मामा वर्तमानपत्राची पानं लावायचा, बत्तीस वर्षं. बातमीदार लिहून मोकळे व्हायचे. ती बातमी केवढी, कुठल्या पानावर, हे मामाच्या टेबलावर ठरायचं. जागेत मावली नाही तर खालून कापायची, कारण महत्त्वाचं ते सगळं वर असतं, हा त्यांच्या धंद्यातला नियम. "डोळे मिटून कापतो," असं कौतुकाने सांगायचा. घरी आईचं बोलणं लांबलं की म्हणायचा, "ताई, पहिला परिच्छेद तेवढा सांग."

तीन वर्षांपूर्वी शहरात एक चोर आला. घरं फोडली दोनच. मामाने त्याचं बारसं केलं, 'मांजरपावल्या', आणि अकरा दिवस त्याला पहिल्या पानावर बसवलं. गावभर कुलपं खपली. बाबांनी आमच्या दाराला तीन कड्या ठोकल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "नळाला वास येतोय हो." बाबा म्हणाले, "काकू, आधी मागचं दार लावा."

त्याच आठवड्यात पाचव्या पानावर आमच्या वस्तीची बातमी होती: जलवाहिनी फुटली, दुरुस्ती चालू. बातमी सहा ओळींची होती. शेजारी मांजरपावल्याच्या पायाच्या ठशाचा मोठा फोटो बसवायचा होता, म्हणून तीनच छापल्या. बाबांना कावीळ झाली. महिन्याभरात गेले. भेटायला आलेला बातमीदार हळहळला, "मी शेवटी लिहिलं होतं हो, गटाराचं पाणी मिसळलंय, उकळून प्या म्हणून." तेव्हा मामा त्याच्या शेजारीच बसला होता. त्यानंतर आमच्याकडे आला तो आजच.

"ही आपलीच वस्ती, हे माझ्या लक्षात..."

"वस्तीचं नाव पहिल्याच ओळीत आहे. कात्रण आहे माझ्याकडे. दाखवू?"

"लोकांना चोरच हवा होता, ताई. सकाळी आठला अंक संपायचा."

"लोकांना म्हणजे मलाही." आईचा हात घडीवर थांबला. "मीच फोन करायचे ना तुला रोज, आज मांजरपावल्याचं काय म्हणून. वासाचं मात्र एकदाही विचारलं नाही. ते माझं मला खातंय. तुला नाही बोलत त्यावरून."

मामाला जरा धीर आल्यासारखं वाटलं. "मग येशील?"

"येईन. पुढच्या रांगेत बसेन. पण एक सांग. त्या खालच्या तीन ओळी वाचून कापल्यास, की न वाचताच?"

मामाने कार्डाकडे पाहिलं. ते उलटंसुलटं केलं आणि घडी घातलेल्या कपड्यांवर ठेवलं. मग दाराकडे वळला. आई अजूनही तिन्ही कड्या लावते. त्याने वरची काढली, मधली काढली. खालची अडते, ती वाकून दोन्ही हातांनी ओढली, आणि कठडा धरून जिना उतरू लागला.