गुडघ्याचा सतरा नंबर

अजूनही कुठल्याही दवाखान्यात डॉक्टर रोग्याला विचारतो, "हे दुखणं आधी कधी झालं होतं का?" आणि मी कान टवकारतो. समोरचा माणूस अनोळखी असतो, त्याला नुसता खोकला असतो. तरी मी मनातल्या मनात त्याला म्हणतो, बाबा, जपून बोल. मग बाकड्यावर कोण कोण बसलंय ते बघतो.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. गाव कडेगावच्या अंगाला, त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात. सांगलीला बोर्डिंगात राहून बी.ए. झालो. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण ते फुकट मिळालेलं नाही. लढाईचे दिवस होते, कापडाला मागणी होती, गिरण्या दोन पाळ्यांत चालत होत्या. माधवनगरच्या बाजूला एका गिरणीच्या दवाखान्यात कारकून पाहिजे होता. मी लागलो.

डॉक्टर मूळचे साताऱ्याचे, राहायला सांगलीत. सकाळी तासभर येत. ते तपासत आणि दुखणं इंग्रजीत सांगत, मी लिहून घेई. विमा कंपनीनं एक छापील पत्रक दिलेलं होतं. त्यात बोट तुटण्यापासून डोळ्यात कचरा जाण्यापर्यंत प्रत्येक दुखापतीला नंबर होता. डॉक्टरांच्या बोलण्यावरून नंबर घालायचा आणि नंबरावरून बिल करायचं, हे माझं काम. गुडघ्याला सतरा नंबर म्हणजे कामावर मुरगळलेला. त्याचं औषधपाणी कंपनी भरी आणि माणूस बरा होईपर्यंत त्याचा माग त्याच्याच नावावर राही. एकवीस म्हणजे जुनं दुखणं. त्यावर कंपनी काही देत नसे, शिवाय मॅनेजरकडे शेरा जाई, 'उभ्या कामास नालायक'. मागावर तर सगळं कामच उभ्यानं. कामगारांना हे पाठ होतं. कुणी लंगडत आला की बाकडं विचारी, "काय गड्या, सतरा का एकवीस?"

गिरणीच्या माग खात्यात कवठे महांकाळकडचा एक विणकर होता. त्याला सगळे पैलवान म्हणत, मॅनेजरसुद्धा. एके काळी त्यानं मोठमोठी मैदानं गाजवली होती. आताही पाळी नसली की तालमीत जाऊन पोरांना डाव शिकवी. एका दुपारी दोन मागांच्या मधल्या बोळात जॉबरच्या, म्हणजे खात्याच्या मुकादमाच्या, हातून तेलाचा डबा कलंडला. पैलवान सूत घेऊन वळला, पाय सटकला आणि गुडघा पिळवटला. मी तेव्हा कुणाला तरी बोलवायला खात्यात गेलो होतो. ते तेल मी डोळ्यांनी पाहिलं. जाड, काळं, वर कापसाचे धागे चिकटलेलं.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. मी पैलवानाला आमच्या गावाकडच्या बोलीत समजावून सांगितलं, की विचारतील तेवढंच बोलायचं, तेलावर पाय घसरला म्हणायचं, पुढं एक शब्द नाही. तो हो म्हणाला.

सकाळी बाकडं भरलेलं होतं. निम्मे त्याच्याच तालमीतले. तो जॉबरही तिथं होता. डबा त्याच्याच हातून सांडलेला, पण गप्प बसवेल तर शपथ.

"पैलवान," तो म्हणाला, "भल्याभल्यांस्नी तुमची पाठ लावाय जमली न्हाई, आन वाटीभर तेलानं चीतपट केलं व्हय?"

बाकडं हसलं. पैलवान हसला नाही.

डॉक्टरांनी सुजलेला गुडघा दाबून पाहिला आणि तो प्रश्न विचारला. पैलवानानं माझ्याकडं पाहिलंच नाही, बाकड्याकडं पाहिलं.

"झाला हुता की, साहेब," तो म्हणाला. "पार कर्नाटकातनं आलेला गडी हुता, हत्तीवानी. त्यानं ह्योच गुडगा पिळला. तवापास्नं कमजोर हाय. तेलाबिलानं आमी पडत न्हाई."

बाकड्यावरच्या माना डोलल्या. जॉबरनंसुद्धा मान डोलावली. आणि डॉक्टर मला इंग्रजीत सांगू लागले, जुनी दुखापत.

मी टाक खाली ठेवला. म्हणालो, ती कुस्ती होऊन जमाना झाला, त्यानंतर हा माणूस रोज बैठका मारतो, कमजोर गुडघ्यानं बैठका मारता येतात का? तेल सांडलेलं मी स्वतः पाहिलंय. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुम्ही डॉक्टर आहात की कारकून?"

"कारकून आहे. पण मला डोळे आहेत."

ते रागावले, पण माणूस वाईट नव्हता. म्हणाले, रोगी स्वतःच्या तोंडानं सांगतोय ते मी कसं खोडू? पुढच्या आठवड्यात विम्याचा माणूस येतोय, त्याच्यासमोर यानं नीट सांगितलं तर सतरा घाला. तोवर नंबराची जागा मोकळी ठेवा.

संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो. त्याची बायको चुलीवर आंबेहळदीचा लेप गरम करत होती. तिनं मला बसायला पोतं टाकलं आणि त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "भाऊसाहेब, माग गेला तर परत गावच्या त्या कोरड्या माळावर जायाचं व्हय आमी? हितं पोरं निदान शाळंत तरी जात्यात."

तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. मी त्याला पुन्हा सगळं समजावलं. तो भिंतीकडंच तोंड ठेवून बोलला.

"कुनी न पाडता पडलो म्हनू? आपलं आपन?"

मी म्हणालो, "एका मानसापुढं म्हनायचं. बाकड्यावर कुनी नसंल, ते माज्याकडं लागलं."

विम्याचा माणूस आला त्या दिवशी मी बाकडं रिकामं केलं. सगळ्यांना फाटकापाशी थांबायला सांगितलं. ती खोली इतकी शांत मी कधी पाहिली नव्हती. पैलवान उभा राहून खाली फरशीकडं बघत म्हणाला, "तेलावर घसरलो." मी सतरा लिहिला.

पण माणूस दोन वेळा दोन गोष्टी बोलला होता, आणि पहिलीही कागदावर होती. विम्याच्या माणसानं कागद पुढं-मागं केला आणि म्हणाला, हा जबाब खात्यात सगळ्यांसमोर वाचून दाखवा आणि दोन साक्षीदारांचे अंगठे घ्या, त्याशिवाय बिल मंजूर होणार नाही. असा नियम मला ठाऊक नव्हता. मी वाद घातला. तो म्हणाला, मग एकवीस घाला.

पाळी बदलताना माग थांबले. टाइमकीपर पेटीवर उभा राहिला आणि त्यानं मोठ्यानं वाचलं, की हा इसम कुणाचाही धक्का लागलेला नसताना आपोआप पाय घसरून पडला. खात्यात दोन्ही पाळ्यांची माणसं होती. जॉबर पुढं झाला आणि त्यानं पहिला अंगठा दिला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

बिल मंजूर झालं. सूज उतरली, तो मागावर परत आला. सरळ चालायचा, अगदी पहिल्यासारखा. पण तालमीत गेला नाही. पोरं बोलवायला यायची, तो पाळी आहे म्हणायचा. पट्टी सोडायलासुद्धा दवाखान्यात आला नाही, बायकोनंच सोडली. फाटकाशी समोरासमोर आलो की तो मला वाट द्यायचा, एखाद्या साहेबाला द्यावी तशी, आणि मी पुढं गेलो तरी तसाच उभा असायचा. मागं वळून पाहायची माझी छाती होत नसे. मी चुकलो असं मी म्हणणार नाही. त्याची पोरं शिकली ती त्या मागावर. तरी पाठीमागं कुणी वाट देऊन थांबलंय असं मला अजून चालता चालता वाटतं.

पुढच्या वर्षी सांगलीत नदीकाठी कुस्त्यांचं मैदान होतं. शेवटच्या कुस्तीच्या आधी जुन्या पैलवानांना आखाड्यात बोलावून फेटे बांधायची तिथली रीत. हलगी वाजत होती आणि त्याचं नाव पुकारलं गेलं. मग पुन्हा. माणसं माना वळवून शोधू लागली.

मी त्याला येताना पाहिलं होतं. कनातीच्या बाहेर, सोडलेल्या बैलगाड्यांपाशी, मैदानाकडं पाठ करून उभा होता. मी बाहेर गेलो. आतला आवाज तिथं स्वच्छ ऐकू येत होता. त्यानं माझ्याकडं मान वळवली नाही, पण आलेला मी आहे हे त्याला कळलं.

"भाऊसाहेब, आत जावा," तो म्हणाला. "सांगा त्येस्नी, गडी आला न्हाई."

मी आत गेलो आणि तसंच सांगितलं.