म्हसोबापुढची फरशी

मला स्वस्थ बसता येत नाही. हॉटेलात गेलं तरी आधी बाहेर पडायचा दुसरा दरवाजा शोधते, मग मेनूकार्ड हातात घेते. घरचे वैतागतात. पण चाकणच्या बाजूला एका प्लेटिंगच्या कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर आहे आणि तिथंच, ॲसिडच्या टाक्यांवर, माझा धाकटा भाऊ काम करतो. त्याला मीच तिथं चिकटवलं.

कंपनीचा इमर्जन्सी प्लॅन नव्यानं करायचं काम माझ्याकडे आलं. गळती झाली की सायरन, सायरन वाजला की सगळ्यांनी मागच्या दारानं बाहेर पडायचं आणि म्हसोबाच्या देवळापुढं जमायचं. ही जमीन पूर्वी कुरुळीच्या एका शेतकरी घराची. कंपनी आली तरी त्यांचा म्हसोबा जागचा हलला नाही. त्याच्यापुढं शहाबादी फरशीचं ऐसपैस अंगण आहे, अगदी दाराला लागून. कागदावर झकास दिसत होतं.

पहिलं मॉकड्रिल झालं. सायरन वाजला, माणसं धावत सुटली आणि फरशीच्या कडेला येऊन थबकली. बूट काढायला! पुढचे वाकून नाड्या सोडताहेत, मागचे दारात अडकलेत, कुणीतरी ओरडतंय, "चला की राव, झोपले काय?" सगळ्यांत मागं, दाराच्या आत, माझा भाऊ हसत उभा. टाक्या बंद करून शेवटी निघायचं काम त्याचं. हसतोय काय गधडा! मला घाम फुटला होता.

जमायची जागा मी ट्रकच्या यार्डात हलवली. पण तिकडे जायची वाटही त्याच फरशीवरून होती. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पाइप. म्हणजे बूट घालूनच देवापुढून जायला हवं. बोर्ड लावला, सगळ्यांना बसवून समजावलं. "हो मॅडम" म्हणायचे आणि पुढच्या ड्रिलला पुन्हा नाड्यांना हात. त्या शेतकरी घरातले आबा रोज पूजेला यायचे, ते तर माझ्यावर उखडलेच.

"बापजाद्यापासनं हितं पायताण घालून कुनी गेलं न्हाई. तुमचा कागद देवापरीस मोठा व्हय?"

माझाही तोल गेला. "आबा, माझा भाऊ आत असतो. सगळ्यांत शेवटी निघतो. पुढचे नाड्या सोडत बसले तर तो आतच राहील. मग तुमच्या देवाला मी काय विचारू?"

आबा पूजेचं ताट उचलून निघून गेले. मला वाटलं, झालं, आता तक्रार साहेबांपर्यंत जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळची शिफ्ट आत येत होती. आबा सगळ्यांसमोर वहाणा घालून फरशीवर चढले. देवापुढं कान धरले. "चुकलं माकलं पोटात घाल रं बाबा. पोरं जीव घेऊन पळतील, तवा पायाकडं बघू नगंस." आणि वहाणा करकरत पलीकडे उतरले. नंतरच्या ड्रिलला एकही माणूस वाकला नाही.

मग एका दुपारी खरंच ॲसिडच्या पाइपचा जोड सुटला. मी यार्डात उभी राहून दाराकडे बघत होते. ओल्या बुटांनी माणसं धावत येत होती, तो येत नव्हता. मनातल्या मनात म्हसोबाला हाक मारली, प्लॅन लिहिणारी मी! शेवटी तो दिसला. खोकत, फरशीवरून थेट, न थांबता. मी त्याला मिठी मारली की शिव्या घातल्या, आठवत नाही. बहुधा दोन्ही.

संध्याकाळी फरशी धुतली तेव्हा डाग दिसले. बुटांना लागलेल्या ॲसिडनं दगड खाल्ला होता. दारापासून पार यार्डापर्यंत पांढुरके ठसे उमटले होते, आणि जिथं सगळे आधी अनवाणी व्हायचे तिथं सर्वांत दाट. साहेब म्हणाले, घासून घ्या, आबा चिडतील. आबा शेजारीच वाकून बघत होते.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

भाऊ संध्याकाळी रहाटणीला घरी येतो, दारात बूट काढतो आणि चहा मागत अनवाणी आत येतो. मी आधी त्याच्या पायांकडे बघते. अजूनही, रोज.