ठकूबाईचा दांडीचा आरसा

...आन हे बी लिव पोरी, ठकूबाई शाळंत गेली नव्हती, माज्यासारकीच. आमच्या कळंबच्या बौद्धवाड्यातली सुईन ती. अर्धा वाडा तिच्या हातावर जल्माला आला, तुजा बापूस बी. लिवलंस?

तर तुजा बापूस तवा पाळन्यात. मुंबईच्या दवाखान्याची गाडी आली, संगं परदेशातली एक गोरी डाक्टरीन. तोंडातला कॅन्सर आधीच कसा वळखायचा, ते गावातल्याच बायांना शिकवायला. ठकूबाईला बॅटरी दिली आन दांडीचा बारका आरसा, तोंडात घालून बघायचा. गालात पांढरा चट्टा दिसला की दवाखान्यात धाडायचं.

कागद भरताना गोरी बाई इचारी, "तंबाखू खाता?" मुंबईचा डाक्टर मराठीत सांगी. आमी समद्या बोल्लो, "नाय बा!" खोटं नाय गं, तंबाखू बाप्यांची. आमी नुसती दातांना मिसरी लावायचो. ठकूबाई हसाय लागली. तिनं तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजली, कुटली, डाक्टरनीच्या हातावर ठेवली. "ही इचारा बाई. तंबाखू इचाराल तर जल्मात कोन हो म्हननार नाय." गोरी बाई ठसकली, डोळं पुसत पुसत कागदावरचा सवाल बदलला.

पन मंग माजी थोरली जाव, चंद्राबाई. पयला चट्टा तिचाच घावला. मुंबईला नेली, ती परत आलीच नाय. झालं. आरसा तोंडात गेला की रोग आत शिरतो, असं गाव म्हनाय लागलं. ठकूबाई दिसली की बाया पदर तोंडात कोंबायच्या. बाळंतपनाला बी तिला बोलवीनात.

आन त्याच टायमाला माज्या गालात आतून खरखरीत लागाय लागलं. तिखट झोंबायचं. कुनाला बोल्ले नाय, तुज्या आज्याला बी नाय. भाकर थापताना जीभ आपसूक तिथंच जायची. वाटायचं, मी गेले तर पाळन्यातल्याला कोन बघंल?

एक दिस सकाळी, मिसरी लावायच्या टायमाला, ठकूबाई परसात आली. "धाकटे, चार दिस झाले बिनमिरचीची आमटी करतीस. तोंड उघड."

"जा गं बाय! चंद्रीला खाल्लंस, आता माज्यावर आलीस?"

तिला लागलं. पन गेली नाय. बॅटरी आन आरसा माज्या हातात दिला, समोर बसली. "मंग तू माज्यात बघ. मला माजं मागचं दिसत नाय."

मी आरसा तिच्या तोंडात घातला. बघितलं. डाव्या गालात, पार मागं, चुना फासल्यागत पांढरं. मी बॅटरी खाली केली.

"हाय नव्हं?" ती बोल्ली. "म्हैना झाला, लागतंय. दुसऱ्यांना धाडते गं, माजाच पाय उचलत नाय."

मंग मी तोंड उघडलं.

दोगी संगंच दवाखान्यात गेलो, हात धरून. माजा चट्टा मिसरी सोडल्यावर गेला. तिचा गाल कापला, तोंड वाकडं झालं. पन सात वर्सं जगली, आन त्याच वाकड्या तोंडानं घरोघर बॅटरी मारत फिरली. शेवटाला आरसा मला दिला.

माजं भ्या काय गेलं नाय. अजून सकाळी उठलं की जीभ गालात फिरते.

काल दहिवलीवरनं माजी लेक, तुजी पारूआत्या आलती. ठेचा बाजूला सारला तिनं, बघितलंस? हा आरसा नेऊन दे तिला. आन सांग, आई उद्या येतेय, पन आधी तू आईच्या तोंडात बघ.